सहावी नळी

आमच्या घरात माझी जीभ लहानपणापासून बदनाम होती. जिभेला हाड नसतं हे सगळ्यांचंच, पण हिच्या जिभेला लगामही नाही, असं आई येईल त्याला सांगायची. पुढे त्याच जिभेवर मला नोकरी लागली तेव्हा ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, आता तुला तोंड वाजवण्याचा पगार मिळणार. तोंड वाजवण्याचा नाही, मिटून बसण्याचा, असं मी तिला समजावलं, तर तिला ते जास्तच विनोदी वाटलं.

आमची कंपनी झाडपाल्यातून औषधं काढते. काढते म्हणजे काढायला बघते. मुळं, साली, पानं पोत्यांतून येतात, दळली जातात, स्पिरिटमध्ये भिजतात, गाळून आटवून त्यांचा अर्क होतो. मग संधिवात, मधुमेह, दमा असल्या जन्माची सोबत करणाऱ्या दुखण्यांवर त्यातलं काही चालतं का, हे मोठी माणसं वर्षानुवर्षं शोधत बसतात. बहुतेक वेळा चालत नाही. माझं काम त्या अर्काचा कडूपणा मोजणं. घोट तोंडात घ्यायचा, अर्धा मिनिट जिभेच्या मुळापर्यंत फिरवायचा, थुंकायचा, चूळ भरायची आणि आकडा लिहायचा.

अर्काला हात लावण्याआधी रोज सकाळी माझी जीभच तपासली जाते. लाकडी स्टँडमध्ये दहा काचनळ्या असतात. सगळ्यांत कोयनेलचं, म्हणजे कडू क्विनीनचं, पाणी. पहिलीत नसल्यासारखं, दहावीत असं की नुसतं बघून तोंड वाकडं व्हावं. ज्या नळीला पहिल्यांदा कडू लागेल तिचा नंबर सांगायचा. मला सहाव्या नळीला लागतं. एकोणीस वर्षं सहाव्याच. चाखणाऱ्याने अंदाजाने नंबर ठोकू नये म्हणून मधेमधे साध्या पाण्याच्या नळ्या घालाव्यात असा नियम आहे. पण सहावी, सहावी, सहावी असं वर्षानुवर्षं ऐकल्यावर तो उपद्व्याप कोण करणार? पाण्याच्या नळ्या हळूहळू बंद झाल्या. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे इथेच सांगून टाकते.

चाखायला खरं तर आम्ही तिघं. मी, गोदामाचा माणूस आणि पॅकिंगची सुपरवायझर. पण त्या दोघांचं लक्ष नळीपेक्षा माझ्या तोंडाकडे जास्त. माझी भुवई हलली की ते आपापला आकडा लिहायचे, माझ्याहून एखाद्याने कमी किंवा जास्त, म्हणजे तेवढंच खरं दिसावं. मला सगळे 'जीभ' म्हणायचे. जिभेला विचारा, जीभ काय म्हणते ते बघा. मुळं ओळखणारे आमचे एक म्हातारे तज्ज्ञ होते. ते निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच गेली नाही. जीभ आहे की, असं मुख्य केमिस्ट म्हणाले.

या मुख्य केमिस्टांना आम्ही मागे 'बघूया' म्हणायचो, कारण काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर तेच. पंखा बंद पडलाय, बघूया. रजा हवी, बघूया. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता.

आता ताईबद्दल. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, आणि भावोजी गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. ती पुस्तकं बांधते. गल्लीच्या तोंडाशी तिची खोली आहे, अरुंद, लांबट, एका बाजूला पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि खिडकीखाली लोखंडी दाबयंत्र. ग्रंथालयांची फाटलेली, उसवलेली पुस्तकं तिच्याकडे येतात आणि नवी होऊन जातात. अकरा वर्षांपूर्वी तिच्या बोटांत संधिवात शिरला. साधा नव्हे, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं तो. आधी सकाळी बोटं आखडायची, मग दिवसभर. मग पेरं सुजून गाठी झाल्या आणि सुई धरता येईना. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या. एका गोळीने पोट बिघडलं, दुसरीने केस गेले. रोगापेक्षा औषध भयंकर, असं ती म्हणायची आणि तरी घ्यायची. मागच्या वर्षी तिने मला शर्टाची बटणं लावून द्यायला सांगितलं. सांगताना ती भिंतीकडे बघत होती. मी बटणं लावली, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

त्याच सुमाराला आमच्याकडे गाठवेलीचं काम जोरात होतं. डोंगरउतारावर उगवणारी वेल, तिच्या मुळातला एक पदार्थ सांध्यांची सूज उतरवतो असं उंदरांत दिसलं होतं, मग थोड्या माणसांत दिसलं, आणि आता मोठ्या इस्पितळात दोनशे रुग्णांवर चाचणी सुरू होणार होती. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती भुकटी. कुणाला काय मिळतंय ते रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही. कुणी कॅप्सूल उघडून चाटून ओळखू नये म्हणून त्या नुसत्या भुकटीतही आम्ही कडू घातलं होतं. ते कडू खऱ्याशी जुळवायला मी तीन आठवडे थुंकत बसले होते. चाचणीत नाव दे म्हणून मी ताईच्या मागे लागले. ती नको म्हणत होती. मी महिनाभर तिचा पिच्छा पुरवला, शेवटी अर्ज मीच भरला आणि तिच्या वाकड्या बोटांत पेन अडकवून सही घेतली.

ती चाचणीत गेली आणि दुसऱ्याच महिन्यात मला ताप आला. साधा, चार दिवसांचा. ताप गेला, पण जाताना माझी चव घेऊन गेला.

पहिल्या दिवशी मला ते कळलंही नाही. कामावर गेले, पहिली नळी तोंडात घेतली, पाणी. दुसरी, पाणी. सहावी, पाणी. नववी, पाणी. दहावी नळी, जिच्याने माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, ती मी अर्धा मिनिट तोंडात धरून उभी होते आणि तोंडात काही नव्हतं. समोर केमिस्ट मुलगी वही उघडून बसली होती. तिने वर न बघताच विचारलं, सहावीच ना? मी हो म्हणाले.

एवढंच झालं. कुणी मला खोटं बोलायला लावलं नाही. एक शब्द पुरे होता, आठ दिवसांची रजा मिळाली असती. पण माझ्याकडे दुसरं काय होतं? शिक्षण बेताचं, स्वभाव हा असा, आणि एकोणीस वर्षं लोक मला ज्या नावाने हाक मारत होते तो अवयवच माझ्या तोंडात मेला होता. आज ना उद्या परत येईल, तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची, असा हिशोब मी केला. वीस दिवस मी रोज सहावी म्हणत होते. अर्कांचे आकडे मी मागच्या नोंदी बघून लिहायचे. ते दोघं माझ्या तोंडाकडे बघून लिहायचे. त्या वीस दिवसांत चार अर्क माझ्या हाताखालून गेले. त्यातला एक गाठवेलीचा, चाचणीसाठीचा, बॅच सतरा.

एकविसाव्या दिवशी सकाळी कॉफी कडू लागली. मी टेबलाशी बसून तीन कप काळी कॉफी प्यायले आणि ताई म्हणाली, तुला झालंय काय आज? मी म्हटलं, काही नाही, छान झालीय.

पुढचे तीन महिने आमच्या घरात इतके चांगले गेले की आता आठवायला नको वाटतात. ताईची बोटं सुटायला लागली. आधी थोडी थोडी, आणि कॅप्सूलची नवी बाटली मिळाल्यावर भराभर. गाठी बसल्या. एका सकाळी तिने माझ्यासमोर मूठ वळून दाखवली, पूर्ण, अंगठा वर. मग तीच मूठ माझ्या पाठीत घातली. म्हणाली, अकरा वर्षांचे गुद्दे बाकी आहेत, हळूहळू देईन. ती पहाटे उठून खोलीवर जायला लागली. एका ग्रंथालयाचा जुना शब्दकोश, तीन जाडजूड खंड, तिने अंगावर घेतला. असलं काम तिने दहा वर्षांत घेतलं नव्हतं. संध्याकाळी तिला आणायला गेले की ती सुईत दोरा ओवून दाखवायची, चष्म्याशिवाय, लहान पोरीसारखी.

काही बारीक गोष्टी होत्या. तिच्या घोट्यांवर मोज्याची खूण खोल उमटायची आणि तासभर जायची नाही. तिला पाणी फार लागायचं. जेवताना म्हणायची, सगळ्याला लोखंडाचा वास येतो. मी म्हटलं, दाबयंत्राला मिठी मारून बसतेस, दुसरं काय होणार. इस्पितळात दर महिन्याला रक्त घ्यायचे. मूत्रपिंडाचा आकडा जरा वर सरकलाय, पण मर्यादेत आहे, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयही झालंय, असंही म्हणाल्या. आम्ही दोघींनी माना डोलावल्या. तिची मूठ वळत होती, मग आकड्यांकडे कोण बघतो.

मग मुळंवाला आला. हा माणूस आम्हाला गाठवेलीची मुळं खणून पुरवतो. वर्षातून दोनदा येतो, गोदामाच्या पायरीवर बसतो आणि ज्याला त्याला गप्पांत ओढतो. मी बाहेर पाणी प्यायला गेले, तर मला बघून त्याने हात जोडले. म्हणाला, "बाई, तुमच्यामुळे यंदा वाचलो बघा."

मी विचारलं, कसं काय. तर त्याने खुशीत सगळं सांगितलं. त्या हंगामात वेल कमी सापडली म्हणून त्याने पलीकडच्या उतारावर नवी माणसं लावली होती. तिकडे गाठवेलीत गुंतून दुसरी एक वेल उगवते. खणणारे तिला 'सावत्र' म्हणतात. पानं असली तर पोरगंही फरक ओळखेल, पण पानं गळल्यावर नुसत्या मुळांवरून भल्याभल्यांना कळत नाही. शेळ्यांनी तिचं मूळ खाल्लं तर लगेच काही होत नाही. दोन महिन्यांनी सुजतात आणि मरतात. त्या नव्या माणसांनी काय काय उपटलं असेल याची त्याला खात्री नव्हती, आणि माल त्यांनी घाईत दळूनच पाठवला होता.

"मला दोन रात्री झोप नव्हती," तो म्हणाला. "मग म्हटलं, तिथे जीभ बसलीय. सावत्राचं कडू वेगळं लागतं, तिला कळल्याशिवाय राहणार नाही. तुम्ही माल घेतलात तेव्हा माझा जीव भांड्यात पडला."

मी हसले. खरंच हसले, त्याला बरं वाटावं म्हणून. त्याने माल पाठवल्याचा महिनाही सांगितला होता. तो माझ्या वीस दिवसांचा महिना होता.

प्रत्येक बॅचचा थोडा अर्क राखून ठेवतात. त्याचं कपाट जिन्याखाली आहे, आणि किल्ली माझ्याकडे असते, कारण माझ्यावर सगळ्यांचा विश्वास. जेवणाच्या सुट्टीत मी सतरा नंबरची बाटली काढली, पातळ केली आणि तोंडात घेतली. गाठवेलीचं कडू मला आईच्या आवाजासारखं ओळखीचं आहे. जिभेच्या शेंड्यावर येतं, चढतं आणि स्वच्छ निघून जातं. हेही आलं, चढलं. मी थुंकले, चूळ भरली. ते गेलं नाही. घशाच्या मागच्या भिंतीवर काहीतरी साबणासारखं चिकटून राहिलं आणि हळूहळू वाढत गेलं. मी चार वेळा चूळ भरली. तासाभराने सुपरवायझर काहीतरी विचारायला आली तेव्हाही ते तिथेच होतं. असलं कडू एखाद्या नवशिक्यानेही ओळखलं असतं. मला सोडून कुणीही.

अर्क तपासणाऱ्या मशीनने हे का पकडलं नाही? कारण मशीन एकच पदार्थ मोजतं, सूज उतरवणारा. तो सावत्र वेलीतही असतो. किंबहुना जास्तच असतो. सतरा नंबरचा आकडा मशीनवर उत्तम आला होता आणि त्याबद्दल बघूयांनी सगळ्यांना चहा दिला होता.

संध्याकाळी घरी आले. ताई अजून यायची होती. तिची बाटली कपाटात पुढेच होती. मी एक कॅप्सूल उघडून बोटाने भुकटी जिभेला लावली. ती यायच्या आत तोंड धुतलं, पण रात्रभर घशात ते चिकटून होतं, आणि पलीकडच्या खाटेवर ती शांत झोपली होती, हात उघडे, बोटं सरळ.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवलं नाही, मी घाबरले. लहानपणी विहिरीत वाकून बघताना ताईने मागून फ्रॉक धरलेला असायचा. त्या रात्री मला पहिल्यांदाच वाटलं की मागे कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या मी बघूयांच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. आधी मुळंवाल्याचं सांगितलं, मग जिन्याखालच्या बाटलीचं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग जो प्रश्न येणार होता तो आला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा मला चव नव्हती, सर. वीस दिवस. मी सहावी नळी सांगत होते, पण मला दहावीही लागत नव्हती."

या वेळी ते बघूया म्हणाले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता हे मला तेव्हा कळलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी इस्पितळाला फोन लावला. मग दुसरा, मग तिसरा. मी तिथेच उभी होते. मधे एकदा फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, चाचणीत तुमचं कुणी आहे का? मी म्हटलं, बहीण. ते मला खुर्ची द्यायला उठले.

दुपारपर्यंत निरोप गेले. औषध लगेच थांबवा, उरलेल्या बाटल्या जमा करा, सगळ्यांनी रक्त द्यायला या. ताईला मीच सांगितलं, तिच्या खोलीवर जाऊन, सगळं, तापापासून. ती कोशाच्या दुसऱ्या खंडाचे फर्मे शिवत होती. फर्मा म्हणजे दुमडलेल्या पानांचा एक गठ्ठा. असे पन्नास-साठ एकाखाली एक शिवले की पुस्तक उभं राहतं. मी बोलत होते तोवर ती शिवत राहिली. मी माफी मागितली. मला वाटलं, ती सुई टाकेल, मला घराबाहेर काढेल, निदान विचारेल की मूत्रपिंडाचं काय. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे हात परत तसेच होणार?"

डॉक्टर दुसरं काहीतरी देतील, असं मी म्हणाले. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाटली मुकाट्याने माझ्या हातात दिली. आमची ताई मुकाट्याने कधी मीठसुद्धा देत नाही. पण मी स्वतःच्या अपराधात इतकी बुडाले होते की हे माझ्या ध्यानात आलं नाही. उलट मला भरून आलं. आपलेच दात, आपलेच ओठ, तिने मला सांभाळून घेतलं असं मला वाटलं.

मला नोकरीवरून काढतील असं मी धरून चालले होते. काढणार होतेच, पण आधी मी हवी होते. सावत्र वेल भुकटीत सगळीकडे सारखी मिसळलेली नव्हती. काही बाटल्यांत जास्त, काहींत जवळजवळ नाही. ते वेगळं करणारी तपासणी मशीनवर बसवायला महिना लागणार होता, आणि कुणाला किती गेलंय हे डॉक्टरांना आज हवं होतं. म्हणून परत आलेल्या बाटल्या माझ्यासमोर आल्या. नावं झाकलेली, नुसते नंबर. रोज सकाळी बघूया स्वतः माझ्यासमोर नळ्या मांडायचे, मधे तीन-चार साध्या पाण्याच्या, नंबर आपल्या हाताने झाकून. मी एकोणीस वर्षांत केलं नव्हतं इतकं मन लावून ते काम केलं. चूक निस्तरण्याची ती एकच जागा मला उरली होती. रोज दहा बाटल्या, त्याहून जास्त घशाला सोसत नव्हत्या.

ताई त्या दिवसांत नेहमीसारखीच होती. थोडी जास्त थकायची. औषध बंद झाल्यावर सूज परत यायला महिना तरी लागतो, तोवर मी कोश पुरा करते, असं म्हणायची. मला ते पटलं. तिचे हात तसेच मोकळे होते, आणि मी त्याबद्दल देवाचे आभार मानत होते.

नवव्या दिवशी सकाळी मी तिला इस्पितळात नेलं, तिने रक्त दिलं, ती आपल्या खोलीवर गेली आणि मी कामावर. नळ्या झाल्या, जीभ ठीक निघाली. त्या दिवशीच्या सहाव्या बाटलीतली कॅप्सूल मी उघडली, भुकटी पाण्यात कालवून घोट घेतला आणि मला काहीच लागलं नाही.

परत गेली, मला वाटलं, जीभ परत गेली. मी धावत नळ्यांच्या स्टँडपाशी गेले आणि समोर येईल ती नळी तोंडात ओतली. कडू. लख्ख कडू, डोळ्यांत पाणी आलं. जीभ जागेवर होती.

परत येऊन दुसरी कॅप्सूल उघडली. तिसरी उघडली. काही नाही. किंचित गोडसर, पिठूळ, आणि दातांत धरलं तर चिकट होणारं. बघूया मागे येऊन उभे होते. म्हणाले, ही नुसत्या भुकटीवाल्यांतली असेल, लिहा तसं. मी मान हलवली. नुसत्या भुकटीतही कडू होतं, ते मीच घातलं होतं. दोनशे रुग्णांना दिलेल्या कॅप्सूलांपैकी एकही बेचव असणं शक्यच नव्हतं. ही भुकटी आमची नव्हती. हा मैदा होता, पुस्तकं चिकटवायची खळ ज्याची करतात तो, दोनदा चाळलेला, बारीक. आणि एवढ्याशा कॅप्सूलच्या दोन टोप्या उघडून, त्यात मैदा भरून, ओरखडाही न उमटवता परत बसवायला फार चांगली बोटं लागतात.

बाटलीचा नंबर बघायची गरज नव्हती. तरी बघितला. मग मी कोट न काढता तशीच बाहेर पडले.

गल्ली नेहमीसारखी होती. कुणीतरी पायरी धूत होतं, सायकलवाला घंटी वाजवत गेला. ताईच्या खोलीचं दार उघडं होतं. ती खिडकीपाशी बसली होती, तिसऱ्या खंडावर, आणि तिचा चेहरा मी सकाळी प्रकाशात नीट बघितला नव्हता. डोळ्यांखाली सूज होती, कातडी पिवळट, ओठ कोरडे. हात तेवढे सुंदर चालत होते. सुई आत, दोरा ओढला, गाठ, सुई आत.

"ताई, खऱ्या कुठे आहेत?"

तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "तुझी जीभ गेली तेव्हा तू कुणाला सांगितलंस?"

ती रागाने बोलत नव्हती, तेच वाईट होतं. "मला तुझा राग नाही आला, छोटे," ती म्हणाली. "तू जे केलंस ते मला इतकं कळलं की मला रागच येईना. मी अकरा वर्षं अशी बसून होते, दुसऱ्याने बटणं लावायची वाट बघत. ते परत नको. जे व्हायचं ते होऊ दे, पण ते परत नको."

मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. मूर्ख म्हणाले, मरशील म्हणाले, मी काय करू मग, असंही म्हणाले. ती शिवत होती. मी खिशातून फोन काढला आणि इस्पितळाचा नंबर लावला. एक घंटी वाजली आणि डॉक्टरीणबाईंनीच उचलला. माझं नाव ऐकून म्हणाल्या, मी तुम्हालाच फोन करत होते, सकाळचा रिपोर्ट हातात आहे. औषध थांबवून नऊ दिवस झाले ना? मग आकडा असा दुप्पट कसा?

मी सांगितलं. मग त्या अगदी हळू, स्पष्ट शब्दांत बोलल्या. रोज किती घेत होत्या ते विचारा. आणि आत्ताच्या आत्ता घेऊन या. घरी जाऊ नका, कपडे घ्यायला थांबू नका.

"किती घेत होतीस?" मी विचारलं.

"दोन," ती म्हणाली. नेमून दिलेली एक होती. "संपायच्या आत पुस्तक व्हावं म्हणून."

मी तिच्या खांद्याला धरलं. तिने माझा हात बाजूला केला, सरळ, मजबूत बोटांनी, आणि पुढ्यातला गठ्ठा सारखा केला.

"शेवटचा फर्मा आहे. एवढा शिवून होऊ दे. पुन्हा सुई धरता येईल न येईल."

आत्ताच्या आत्ता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. फोन अजून चालू होता, त्या हॅलो हॅलो म्हणत होत्या. मी तो बंद केला, तिच्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या आणि तिचा तो फर्मा शिवून होईपर्यंत थांबले.